ते माझ्याकडे आहेत

आमच्या देशाला स्वातंत्र्य कसं मिळालं हे मला दोनदा शिकवलं गेलं, एकदा शाळेत आणि एकदा प्रार्थनाघरात. शाळेच्या पुस्तकात बंदरावरचा संप होता, गोळीबार होता, लांबलचक टेबलाभोवती बसलेली कोटवाली मंडळी होती आणि शेवटी एक झेंडा उतरून दुसरा चढला होता. परीक्षेत मी ते सगळं झकास लिहिलं. पण आमच्या घरी कुणालाही विचारलं असतंत तर त्याने सांगितलं असतं की परकं राज्य गेलं ते साहेबाने भरल्या प्रार्थनेत उच्चारलेल्या एका वाक्यामुळे. संप झाला असेल, कोण नाही म्हणतंय. पण आधी वाक्य, मग संप.

गोष्ट अशी. माझे आजोबा प्रार्थना सांगायचे. त्यांच्या काळात जिल्ह्याच्या साहेबाने हुकूम काढला की दर आठवड्याच्या प्रार्थनेत राजाचं नाव घेतलं गेलंच पाहिजे. आजोबा म्हणाले, "घेऊ की. पण आमच्याकडे राज्य करणाऱ्याचं नाव घ्यायची एक रीत आहे. ती पुरी पाळावी लागेल." ही रीत आधीपासून होती असं माझे बाबा छातीवर हात ठेवून सांगतात. मला विचाराल तर आजोबांनी ती साहेबासमोर उभ्या उभ्या रचली.

रीतीचे भाग तीन. आधी प्रार्थना सांगणारा म्हणतो, "देवा, आमच्यावर राज्य करतो तो हा," आणि राज्य करणाऱ्याचं नाव घेतो. आशीर्वाद नाही, शाप नाही, नुसतं बोट दाखवायचं. मग त्या राज्याने ज्यांना धरून नेलंय त्यांचे नातेवाईक उभे राहतात आणि आपलं माणूस सांगतात. इथे नाव घ्यायचं नाही. साहेबाच्या कचेरीत आमच्या नावांचा पार चेंदामेंदा व्हायचा आणि मग "अशा नावाचा कोणी नाही" म्हणून हात झटकायला ते मोकळे. म्हणून फक्त नातं आणि काम. माझा मुलगा, सुतार. माझा नवरा, बोटीवर असायचा. प्रत्येकामागून सगळे म्हणतात, "ऐकलं." आणि शेवटी राज्य करणाऱ्याने, किंवा त्याच्या माणसाने, उभं राहून म्हणायचं, "ते माझ्याकडे आहेत. मी उत्तर देईन."

साहेबाला आमची भाषा येत नव्हती. त्याला वाटलं, हे प्रार्थनेचं शेवटचं पालुपद असणार. त्याने ते वाक्य तोंडपाठ केलं, आपल्या उच्चारांवर खूश झाला आणि बदली होईपर्यंत दर आठवड्याला पहिल्या बाकावरून खणखणीत आवाजात म्हणत राहिला. तो गेल्यावर दुसरा आला, त्यालाही पहिल्याने शिकवून ठेवलं होतं. देव काही बहिरा नाही. एवढ्या जणांचं उत्तर देईन म्हणून जाहीर कबूल केल्यावर ते द्यावं लागतं, आणि द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. राज्य गेलं. आमच्याकडे इतिहास म्हणतात तो हा.

पुढचा इतिहास पुस्तकात निम्मा आहे. स्वातंत्र्यानंतरचे आमचे पहिले राज्यकर्ते, त्यांची आई आमच्याच प्रार्थनाघरात यायची, आणि परक्यांच्या तुरुंगात असताना "माझा मुलगा, मास्तर" म्हणून त्यांना आमच्याच प्रार्थनेत सांगितलं गेलं होतं. सत्तेवर आल्यावर ते स्वतः आले, उभे राहिले, वाक्य म्हणाले. त्या दिवशी सांगायला कुणीच नव्हतं, सगळे सुटून आले होते. बायका रडल्या म्हणतात. नंतर त्यांच्याही काळात एकेक माणूस प्रार्थनेत सांगितला जाऊ लागला, मग ते यायचे बंद झाले. मग फौजेचा माणूस आला. त्याच्या लोकांनी आजोबांना सांगितलं की नाव घ्या, बाकीचं नको. आजोबा त्याच सुमारास गेले आणि बाबा तेव्हा नवे होते. रीतीचे दोन भाग गळाले, नुसतं नाव उरलं.

आणि मग हे आले. यांना साहेब म्हटलेलं आवडत नाही, यांना सगळ्या देशाने मोठेभाऊ म्हणायचं. रस्तोरस्ती फलक, वर हसणारा चेहरा, खाली "तुमचे मोठेभाऊ". माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा धंदा पाट्या आणि फलक रंगवायचा, त्यामुळे त्या चेहऱ्यावर आमचं घर बऱ्यापैकी चाललं. नाक कसं बारीक करायचं, हनुवटी कुठे लपवायची, हे धाकट्याच्या हातात बसलं होतं. मग मोठेभाऊंनी पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन केलं. टाकीवर मजकूर रंगवायचं काम धाकट्याकडे आलं. टाकीत पाणी नव्हतं. धाकट्याने सगळा मजकूर सांगितल्याप्रमाणे देखणा रंगवला आणि तळाशी आपल्या मनाने एक ओळ घातली, "पाणी आल्यावर कळवावे."

सारं गाव दोन दिवस हसलं. तिसऱ्या दिवशी त्याला दुकानातून उचलून नेलं, हाताला रंग तसाच.

पुढची चार वर्षं अशीच गेली. तुरुंगाच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीवर जाऊन जाऊन माझ्या चपला झिजल्या. आत बसलेली बाई दर वेळी एकच म्हणायची, "असा कुणी इसम आमच्याकडे नाही." मेला म्हणत नव्हती, आहे म्हणत नव्हती. माझी भावजय तेव्हापासून माझ्याच दुकानात काजं-बटणं करते. ती पहिल्यापासूनच कमी बोलणारी, आता तर दोरा तोडायलाही आवाज करत नाही. एकदाच म्हणाली, "ताई, मी कोण आहे तेवढं तरी मला कुणी सांगावं. बायको आहे का विधवा?" मी मशीन थांबवलं.

बाबांनी आपल्या परीने केलं. ज्या दिवशी धाकट्याला नेलं त्या आठवड्यापासून त्यांनी प्रार्थनेत मोठेभाऊंचं नाव घेणं सोडलं. तेवढ्या जागी ते गप्प उभे राहायचे. लोकांना फार भारी वाटायचं ते. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची नुसती ती शांतता ऐकायला. मला सुरुवातीला अभिमान वाटला, मग राग यायला लागला, कारण त्या शांततेने धाकटा काही घरी येत नव्हता.

आमचं दुकान आणि प्रार्थनाघर यांच्यात एकच भिंत, भिंतीत एक दार. दाराच्या अलीकडे दोन मशीनं, कापायचं टेबल, मापं घ्यायला पडद्याआडचा कोपरा आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. पलीकडे लाकडी बाकं, चुन्याच्या भिंती आणि समोर एक दगडी पायरी. प्रार्थना सांगणारा पायरीच्या खाली उभा राहतो, वर नाही. वर कुणीच उभं राहत नाही.

एके दिवशी मी गणवेशाच्या कॉलरी उलटत होते तेव्हा राजशिष्टाचार खात्याचा माणूस आला. तरुण, केस चोपून बसवलेले, हातात फाईल. निवडणूक तोंडावर होती. बोलायला गोड होता, एवढं मान्य केलं पाहिजे.

"मोठेभाऊ येत्या प्रार्थनेला इथे येणार आहेत," तो म्हणाला. "देशाच्या इतिहासात या वास्तूचं स्थान मोठं आहे. रेडिओवरून थेट प्रक्षेपण होईल. फक्त त्यांचं नाव रीतसर घेतलं जावं, एवढीच अपेक्षा आहे."

"आणि नाही घेतलं तर?"

त्याने छताकडे पाहिलं. "वास्तू जुनी झालीय, ताई. लोकांच्या सुरक्षेसाठी पाहणी करावी लागेल. पाहणी चालू असताना बंद ठेवावी लागते."

बाबा दारातून ऐकत होते. "कुलूप लावा," ते म्हणाले. "मी त्याचं नाव या तोंडाने घेणार नाही." आणि आत निघून गेले.

माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते कॉलर हातात असतानाच आलं. मी म्हटलं, "घेऊ की नाव. पण आमच्याकडे राज्य करणाऱ्याचं नाव घ्यायची एक रीत आहे. ती पुरी पाळावी लागेल."

"उत्तमच," शिष्टाचार म्हणाला. त्याचं खरं नाव त्याने सांगितलं होतं, पण भावजय नि मी त्याला शिष्टाचारच म्हणायचो. त्याने पेन काढलं. मी काही म्हणजे काही लपवलं नाही. आधी नाव. मग लोक उठून आपापली माणसं सांगतात. मग मोठेभाऊ वाक्य म्हणतात.

"कसली माणसं?"

"राज्याच्या ताब्यात असलेली."

"प्रजाजन," त्याने लिहून घेतलं. "किती वेळ लागेल?"

"ते लोकांच्या मनावर."

"दोन मिनिटं धरतो. आणि वाक्य?"

मी वाक्य सांगितलं. त्याने ते दोनदा मनाशी घोळवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ते माझ्याकडे आहेत. मी उत्तर देईन. वा. मोठ्या भावाला शोभेल असंच आहे. कुणी लिहिलं हे?"

"आजोबांनी," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. पंचाहत्तरी उलटली तरी रागावले की त्यांची मान अजून ताठ होते.

"प्रार्थनेत डाव खेळायचा नाही," ते म्हणाले.

"डाव कसला? मी एक शब्द नवीन घातलेला नाही."

"तू त्याला फसवतेयस."

"त्याच्या माणसाला मी सगळं सांगितलंय. त्याला विचारायचं सुचलं नाही, तो काय माझा दोष? आणि बाबा, खरं बोलू? चार वर्षं तुम्ही त्याला सूट दिलीत."

"सूट?" ते म्हणाले.

"नाव घेणं म्हणजे आशीर्वाद नाही, बोट दाखवणं आहे, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत ना? मग नाव नाही घेतलं तर बोट कुणाकडे? तुम्ही गप्प राहिलात, लोक तुमच्याकडे बघून हरखून गेले. देवाला कुणी सांगितलं की धाकट्याला कुणी नेलंय?"

"देवाला सांगावं लागत नाही."

"मग आजोबा कशाला सांगत होते?"

हे जरा जास्तच झालं होतं, मला कळत होतं. पण मी मागे घेतलं नाही. बाबा उठले. काठी शोधली, ती त्यांच्या हातातच होती. दारापाशी थांबून म्हणाले, "तुला सांगायची तर तू सांग प्रार्थना. मी शेवटच्या बाकावर बसेन. आणि एक ध्यानात ठेव. फौजेच्या माणसाच्या वेळी मीही लोकांना विचारलं होतं, उठाल का म्हणून. एकही जण उठला नाही. तुझ्याही वेळी कुणी उठलं नाही, तर तू नुसतं त्याचं नाव घेतलेलं असेल. रेडिओवर."

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. लोक गप्प बसले तर मोठेभाऊंना आयता मान मिळणार होता, तोही धाकट्याच्या घरातून. भावजयीला मी कुठल्या तोंडाने सामोरी जाणार होते?

तेव्हा मी कामाला लागले. शिंप्याच्या दुकानात एक सोय असते. पडद्याआड मापं घेताना बाईच्या कानापासून तुमचं तोंड वीतभर असतं आणि बाहेर कुणाला काही ऐकू जात नाही. ज्यांची माणसं नेली होती त्यांच्या घरची एकेक बाई मला माहीत होती. कुणाचा ब्लाउज उसवला, कुणाच्या पोराची चड्डी आखूड झाली, सगळ्यांना मी माप घ्यायला आत बोलावलं.

"नातं आणि काम, बस," मी टेप धरून पुटपुटायची. "नाव नाही. उठशील?"

मासळीवाली म्हणाली, "उठेन. माझं आता आणखी काय न्यायचं राहिलंय?" दवाखान्यातली आया म्हणाली, "बघते गं," म्हणजे नाही. एकीने तर अर्धं माप झाल्यावर कापडच परत मागितलं. भावजयीला मी विचारलं नाही. ती पडद्यापलीकडे बसून सगळं ऐकत होती. तिने बटण लावता लावता एवढंच विचारलं, "ताई, तो खरंच म्हणेल?"

"म्हणेल," मी म्हटलं. खात्रीने म्हटलं, कारण मोठेभाऊंची एक गोष्ट सगळ्या देशाला ठाऊक होती. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि फोटोत चष्मा चालत नव्हता. त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमात शिष्टाचार त्यांच्या मागे बसून एकेक वाक्य कानात सांगायचा आणि ते ते मोठ्याने म्हणायचे. इतकी वर्षं हे चाललं होतं की रेडिओवर त्यांच्या आधी कुजबुज ऐकू आली नाही, तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

प्रार्थनेच्या दिवशी प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या बाकावर मोठेभाऊ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. फलकावर दिसतात त्यापेक्षा म्हातारे. धाकट्याने त्यांना किती तरुण ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मागे शिष्टाचार, मांडीवर फाईल, डोळे घड्याळावर. पायरीशी रेडिओचा मायक्रोफोन. बाबा शेवटच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून. जुने लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही. त्यांच्या लेखी मी विकली गेले होते.

मी पायरीच्या खाली उभी राहिले. प्रार्थना सांगितली.  मग म्हटलं, "देवा, आमच्यावर राज्य करतो तो हा." आणि मोठेभाऊंचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

ते उठून उभे राहिले आणि लोकांकडे वळून हसले. फोटो निघाले. मागे कुणीतरी तोंड फिरवलेलं मला दिसलं.

"आता," मी म्हटलं, "जुन्या रीतीप्रमाणे, त्याच्या ताब्यातली आपली माणसं सांगा."

कुणी हललं नाही. मासळीवाली माझ्याकडे बघत होती, पण तिचे पाय उचलत नव्हते. दारात पोलीस उभे होते.  मोठेभाऊ अजून हसत होते, पण ते हसू आता ताणल्यासारखं वाटत होतं.  मी स्वतः सांगू शकत नव्हते. प्रार्थना सांगणाऱ्याने आपलं माणूस सांगायचं नाही, ही आजोबांचीच अट. पुढच्या बाकावर भावजय मान खाली घालून बसली होती आणि मी मनात म्हणत होते, ऊठ गं बाई, ऊठ. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज निघत नव्हता.

मग मागे काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"माझा मुलगा," बाबा म्हणाले. "पाट्या रंगवतो."

प्रार्थनेच्या ज्या भागात ते चार वर्षं गप्प उभे राहायचे त्या भागात त्यांचा आवाज ऐकायची लोकांची सवय मोडली होती. क्षणभर कुणाला पुढचा शब्द आठवेना. मग कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईने म्हटलं, "ऐकलं." आणि तिच्यामागून सगळ्यांनी.

"माझी मुलगी," मासळीवाली उभी राहिली. "शिकत होती."

"ऐकलं."

"माझा भाऊ. ट्रक चालवायचा."

"माझे वडील. निवृत्त आहेत. होते. आहेत."

"ऐकलं."

दवाखान्यातली आया उठली, जी "बघते" म्हणाली होती. "माझा नवरा," ती म्हणाली, "गवंडी," आणि रडायला लागली, तरी उभीच राहिली. कापड परत मागणारी उठली. ज्यांना मी विचारलंही नव्हतं ते उठले. आमच्या एवढ्याशा गावातून इतकी माणसं गेली होती, हे मला शेजारी राहूनही माहीत नव्हतं. प्रत्येक जण आपलं दुःख आपल्या घरात कोंडून बसला होता.

मोठेभाऊंना कितव्या माणसाला कळलं, ते मला सांगता येईल. गवंड्याला. हसू तिथे गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, पोलिसांकडे पाहिलं, मग मायक्रोफोनकडे. तो लाल दिवा लावून शांत बसला होता. मग त्यांनी पायरीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कसं सांगू? लहानपणी तेही कुठल्यातरी प्रार्थनाघरात आईच्या मांडीवर बसलेच असतील.

सगळ्यांचं सांगून झालं. सगळे उभे होते, ते आणि आम्ही. मी त्यांच्याकडे बघून थांबले.

शिष्टाचाराने सगळा वेळ घड्याळ बघण्यात घालवला होता. दोन मिनिटांची पार वाट लागली होती आणि त्याला एकच चिंता होती. तो पुढे वाकला आणि रोजच्या सवयीने कुजबुजला. मायक्रोफोन चांगला होता. साऱ्या देशाने आधी कुजबुज ऐकली, मग मोठेभाऊंचा आवाज.

"ते माझ्याकडे आहेत," मोठेभाऊ म्हणाले. कुजबुज पुन्हा झाली. या वेळी ते बराच वेळ थांबले. "मी उत्तर देईन."

"ऐकलं," आम्ही सगळे म्हणालो.

ते लगेच निघून गेले. शिष्टाचार फाईल काखेत मारून त्यांच्यामागे धावला. त्याला बहुधा गाडीत बसल्यावर कळलं. त्याची नंतर कुठेतरी लांब बदली झाली असं ऐकलं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, थोडंच.

मोठेभाऊ ते वाक्य सवयीने बोलले का देवाला घाबरून, यावर बाबा आणि मी अजून भांडतो. मी म्हणते, सवय. बाबा म्हणतात, "साहेबाला तर शब्दही कळत नव्हते, तरी देवाने ते धरले. याला तर कळत होते." वादात हरायला लागले की ते नेहमी आजोबांची गोष्ट मध्ये आणतात.

पुढच्याच सकाळी आम्ही सगळ्या चौकशीच्या खिडकीवर गेलो. रांग जिन्याखाली आली होती. माझ्या पिशवीत धाकट्यासाठी नवा शर्ट होता, त्याच्या जुन्या मापाचा, पांढऱ्या सुती कापडाचा. मी शिवला, काजं-बटणं भावजयीची. ती माझ्या शेजारी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

खिडकीतल्या बाईने मला ओळखलं. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

"काल रेडिओ ऐकलात का?" मी विचारलं.

तिने ते वाक्य गिळलं. तिच्या टेबलावरही रेडिओ होता.

"त्यांनीच सांगितलंय, त्यांच्याकडे आहेत," मी म्हटलं. "माझा भाऊ. पाट्या रंगवतो. त्याला एवढा शर्ट द्या."

तिने शर्टाची घडी चाचपून पाहिली. मग उठली, शर्ट घेतला आणि आतल्या दाराने गेली.  भावजयीने माझा हात धरला, इतका घट्ट की सुईने भोकं पडलेली तिची बोटं मला जाणवली. मी मनात म्हणत होते, परत आणू नकोस, शर्ट परत आणू नकोस.

बाई आली. शर्ट तिच्या हातात होता.

भावजयीचा हात सैल पडला.  

बाईने शर्ट खिडकीतून बाहेर सरकवला. घडी मोडलेली होती, वरची दोन बटणं उघडी होती.

"त्याला मोठा होतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "छातीत आणि खांद्यात. बारीक करून आणा."

भावजयीने माझ्या आधी हात पुढे केला आणि शर्ट उचलला. तिने तो उघडला, नाकाशी नेला, खांद्याची शिवण चिमटीत धरली. मग चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्या, स्पष्ट आवाजात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं तिने बाईला विचारलं, "किती बारीक करू?"